पाणी कुठपर्यंत आलं?

जून २०२५ मध्ये मी नाशिकच्या सिडकोतल्या एका छोट्या ऑफिसात सपोर्ट टेक्निशियन म्हणून लागले. शिक्षण बी.कॉम., त्यावर सहा महिन्यांचा हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स. मुलाखतीत ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कचं काम वाटून दाखवणारे सात थर विचारतील म्हणून आदल्या रात्री घोकून गेले होते. मालकांना सगळे दादा म्हणतात. दादांनी दोनच प्रश्न विचारले, "स्कूटी चालवतेस का? शिडीवर चढायला भीती वाटते का?" सात थर तसेच पोटात घेऊन मी कामाला लागले. पगार बारा हजार, पेट्रोल वेगळं.

पहिल्याच दिवशी समोर केबलचं भेंडोळं, कनेक्टरची पिशवी आणि कनेक्टर केबलच्या टोकावर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल आलं. "नेटवर्कच्या वीस कॉर्ड बनव," एवढंच सांगून दादा सातपूरला निघून गेले. भिंतीवर रंगांचा तक्ता होता: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कोर्समध्ये हे टी-५६८-बी म्हणून शिकवलं होतं, पण वहीत उतरवण्यापलीकडे मी त्याकडे पाहिलं नव्हतं. हिरव्याच्या जोडीत मध्येच निळा कशाला घुसवायचा? मी आपली जोडीला जोडी लावली: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी सारखी. टेस्टरला लावलं तर एक ते आठ दिवे ओळीने लागले. बोटं सोलवटली होती, पण वीसच्या वीस कॉर्ड पास. संध्याकाळी मावशीला व्हिडिओ कॉल करून टेस्टर दाखवला.

दादांनी आल्यावर कॉर्ड हातात घेतली, कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंग बघितले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये चाळीसेक मीटरची केबल ओढायची होती. म्हणाले, "टोकं तूच मार, कालच्यासारखीच." मारली. टेस्टरवर परत आठही दिवे. मशीनला लावली तर नेट येतंय, जातंय, शेजारच्या कॉम्प्युटरवरून ड्रॉइंगची फाइल ओढायला घेतली की मुंगीच्या पावलांनी सरकतेय. मी लॅन कार्ड बदललं, स्विचचं, म्हणजे सगळ्या केबली एकत्र येतात त्या डब्याचं, पोर्ट बदललं, ड्रायव्हर परत टाकला. दादा चहा पीत बसले होते.

मग त्यांनी समजावलं. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली की नाही, एवढंच हा शंभर-दोनशे रुपयांचा टेस्टर सांगतो. कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही. सिग्नल जोडीने धावतो. एक आणि दोनची एक जोडी, तीन आणि सहाची दुसरी. एकमेकांना पीळ घातलेला असतो म्हणून बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि पलीकडे वजा होतो. माझ्या कॉर्डमध्ये तीनवर पांढरा-हिरवा होता आणि सहावर निळा, म्हणजे वेगवेगळ्या पिळांतल्या दोन तारा. हातभर कॉर्डमध्ये हे पचतं. चाळीस मीटरवर, शेजारून प्रेसची पॉवर केबल जात असताना, नाही पचत. तक्त्यातला तो मध्ये घुसलेला निळा तेवढ्यासाठीच असतो. कोर्सच्या सहा महिन्यांत हे कोणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

वीसही कॉर्ड कापून परत बनवल्या. आता तक्त्याप्रमाणे, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त न उलगडता आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबून. हे आवरण बाहेर राहिलं तर टेबलाखाली कोणाचा पाय लागला की तारा सुटतात आणि कॉल परत आपल्यालाच येतो. दादांनी आणखी एक सवय लावली. नवीन बॉक्स आला की तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघायचं. आत चंदेरी दिसलं तर वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. असला माल स्वस्त मिळतो, पण वाकवला की तुटतो आणि लांब पल्ल्याला दम टाकतो.

पावसाळ्याचे दिवस, गोदावरीला पाणी आलेलं. होळकर पुलावरून परत येताना लोक गाड्या लावून नदी बघत होते. दादांनीही गाडी बाजूला घेतली. म्हणाले, "पूर आला की नाशिकचा माणूस काय विचारतो?" मी म्हटलं, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं?" नदीपात्रातली ही उंच मूर्ती म्हणजे आमची पुराची मोजपट्टी. "बरोबर. पूर आलाय का, असं कोणी विचारत नाही. गुडघ्याला आलं, कमरेला आलं की छातीला, ते विचारतात. गिऱ्हाईक फोनवर 'नेट बंद आहे' म्हणणारच, ते त्याचं काम. कुठपर्यंत चालू आहे, ते तू शोधायचं."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात मारुतीच्या अंगावरच्या खुणा बसल्या. आधी तळव्याला: केबल लागली आहे का, पोर्टचा दिवा लुकलुकतोय का. मग आयपीकॉन्फिग, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनने पत्ता मागितला आणि कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतलाय. पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघणं; त्याचा पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१. तिथपर्यंत गेलं तर बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला. तेही आलं तर एखाद्या साइटला नावाने. आकड्याने जातंय आणि नावाने जात नाही, तर डीएनएसची, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणाऱ्या सोयीची गडबड. चारपाच कमांड, दोन मिनिटं. १२७.०.०.१ ला पिंग मारून "कार्ड ठीक आहे" म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. तो पिंग मशीनच्या आतल्या आतच फिरून येतो. केबल काढून ठेवली तरी उत्तर येतं.

हार्डवेअरचे कॉल त्यामानाने सोपे. पावसाळ्यात निम्मे कॉल "चालू होतं पण डिस्प्ले येत नाही" असेच. प्लग काढायचा, रॅम बाहेर, सोनेरी कडेवर खोडरबर फिरवायचा, कचरा झटकून परत खटकन बसवायची. लोकांना वाटतं ताईने जादू केली. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे बँकेची एकही साइट उघडत नाही. नेट तर चालतंय. कोपऱ्यातलं घड्याळ बघावं तर कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपलेला असतो. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटतं. सेलची किंमत ऐकून गिऱ्हाईक "एवढंच?" म्हणतं आणि व्हिजिट चार्जवरून वाद घालतं.

एक हार्डवेअरचा कॉल मात्र सोपा नव्हता. पिंपळगाव बसवंतला एका कांदा व्यापाऱ्याचं ऑफिस. फोनवर तक्रार: "तुमच्या कॉम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या येतात. बदलून द्या." श्रावणातली झड, ओली फरशी आणि मुनीमजी अनवाणी. त्यांनी बोटाने कॅबिनेटला स्पर्श करून दाखवला आणि हात मागे ओढला. मी आधी सगळ्यांना लांब उभं केलं. मीटरचं एक टोक कॅबिनेटच्या स्क्रूला, दुसरं बाहेरच्या नळाच्या लोखंडी पाइपला. एकशे दहाच्या आसपास व्होल्ट. माझ्याच पोटात गोळा आला.

दादांना फोन लावला. ते शांत होते. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याच्या तोंडाशी गाळणीसारखे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंगची तार असेल तर त्यांतून येणारा थोडासा करंट जमिनीत जातो. ती नसेल तर बॉडी मधल्यामध्ये लटकते, २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो, म्हणून माणूस फक्त झिणझिण्यांवर सुटतो. पण त्याच बॉडीला जोडलेली लॅन केबल, प्रिंटर, यूएसबी हे सगळं असं लटकत राहतं. त्या ऑफिसात दोन महिन्यांत दोन लॅन कार्ड का गेली होती, ते मला तेव्हा कुठे उमगलं.

टेबलाखाली वाकले. एक्स्टेन्शन बोर्डात तीन पिनांची सॉकेट होती, पण आत दोनच तारा, आणि भिंतीजवळ दोन पिनांचा ॲडॉप्टर. शेठना दाखवलं. त्यांचं म्हणणं, "चार वर्षं असंच चाललंय." मी सांगितलं की कॉम्प्युटर बदलला तरी झिणझिण्या येतीलच, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थिंगचा खड्डा बघा, तीन तारांचा बोर्ड लावा, तोवर मी मशीनला प्लग लावणार नाही. "एवढीशी पोरगी मला शिकवते," असं ते मुनीमजींना म्हणाले, मला ऐकू जाईल इतक्या जोरात. चौथ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. झिणझिण्या थांबल्या. आमचं बिल मात्र दीड महिन्याने निघालं, का ते विचारू नका.

सप्टेंबरातला कॉल मी विसरणार नाही. त्या वर्षी प्राप्तिकराच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती, त्यामुळे शहरातल्या सगळ्या सीएंची जुलैतली धांदल सप्टेंबरात आली. शरणपूर रोडच्या भागातलं एक ऑफिस, चौदा मशीन, एक सर्व्हर. मुदतीच्या चारपाच दिवस आधी फोन: काही मशीनना नेट नाही, सर्व्हरवरची फाइल उघडत नाही, काहींचं मात्र व्यवस्थित चाललंय. मी गेले. दारातच एक मॅडम म्हणाल्या, "इंजिनियर मागून येतायत का?" मी म्हटलं, "मीच." बंद मशीन रिस्टार्ट केलं, चालू झालं. दुसरंही झालं. वीस मिनिटांत सही घेऊन बाहेर. मुंबई नाक्याच्या सिग्नलला पोचते न पोचते तोच फोन. सकाळी जी चालत होती त्यांतली तीन बंद पडली होती.

परत गेले. ऑफिसात पाऊल टाकताना चेहरा कुठे लपवावा कळेना. रिस्टार्टने चालू झालं म्हणजे काय झालं, हे मी बघितलंच नव्हतं. आता बंद मशीनवर आयपीकॉन्फिग मारलं: १९२.१६८.०.१०४. शेजारच्या चालू मशीनवर: १९२.१६८.१.२३. पत्ता तर दोघांनाही मिळाला होता, १६९ वगैरे काही नाही. शेवटचा आकडा वेगळा असायचाच, पण तिसराही वेगळा. कोणी दुसराच पत्ते वाटत होता.

हे असं समजा. वाड्यात बिऱ्हाडांना खोल्यांचे नंबर देणारा एक कारभारी आहे. एके दिवशी दुसरा कोणी येऊन आपलेच नंबर वाटायला लागतो आणि सांगतो की वाड्याचा दरवाजा इकडे आहे. त्याने दाखवलेल्या दरवाज्यामागे भिंत आहे. मशीन चालू होताना ओरडून विचारतं, "मला पत्ता कोण देतं?" आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतं. म्हणून रिस्टार्ट म्हणजे सोडत. माझी दोन्ही तिकिटं सकाळी लागली होती, एवढंच.

दुसरा कारभारी कोण, हे ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून बघितलं. घरी वापरतात तसल्या राउटरचं लॉगिन पान उघडलं. आहे कुठे, ते कोणालाच माहीत नाही. सगळे म्हणाले, "आमच्याकडे एकच राउटर आहे, तो समोरचा." मग सोपा पण तापदायक उपाय. बंद मशीनवर त्या पत्त्याला न थांबणारा पिंग लावायचा आणि स्विचमधून एकेक केबल उपसायची. जी उपसल्यावर उत्तर थांबेल ती त्याची. दुसरीच केबल काढली तर आतून आवाज, "अहो, माझं रिटर्न अपलोड होत होतं!" सर केबिनमधून बाहेर आले. मी माफी मागितली आणि म्हटलं, सगळे डबा खायला उठले की करते. तोवर बंद पडलेल्या मशीनना हाताने पत्ते घालून दिले आणि पोर्टांचे नंबर कागदावर उतरवत बसले.

दोन वाजता डबे उघडले. मी स्विचजवळ, आणि पिंगची खिडकी उघडी असलेल्या मशीनसमोर ऑफिसचा शिपाई. त्याला सांगितलं होतं, ओळी बदलल्या की ओरड. सतराव्या केबलला तो ओरडला, "ताई, टाइम आउट!" हातातली पोळी तशीच होती त्याची. ती केबल भिंतीतून मागच्या जुन्या फाइलींच्या खोलीत गेली होती. कपाटावर, गठ्ठ्यांच्या मागे, धूळ खात बसलेला राउटर, हिरवा दिवा लुकलुकत. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी करणाऱ्या एका मुलाने घरून आणला होता. मागच्या खोलीत मोबाइलला वायफायची रेंज येत नव्हती, म्हणून भिंतीतून आलेली केबल त्याने राउटरच्या चारपैकी एका लॅन पोर्टात घातली होती. त्यामुळे त्या डब्याची पत्ते वाटायची सोय सगळ्या ऑफिसला खुली झाली.

मुलगा पांढराफटक पडला. मी त्याला सरांसमोर उभं केलं नाही. राउटर काढूनही टाकला नाही, रेंजची गरज खरी होती. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय बंद केली, त्याला १९२.१६८.१.२ असा मुख्य राउटरच्या वाटपाबाहेरचा पत्ता दिला, केबल परत त्याच लॅन पोर्टात लावली. आता तो नुसताच वायफायचा खांब. हाताने घातलेले पत्ते काढले, प्रत्येक मशीनवर रिलीज आणि रिन्यू मारून जुना पत्ता सोडायला आणि नवा घ्यायला लावला, आणि राउटरवर मार्करने लिहिलं: दादांना विचारल्याशिवाय रीसेट करू नये. त्या बारक्या भोकात पिन खुपसली की तो परत कारभारी व्हायचा.

एवढं झाल्यावर डोक्यात थोडी हवा गेली. ती पंचवटीतल्या रंगाच्या दुकानात उतरली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, त्यामुळे सप्टेंबरात ज्याला त्याला विंडोज ११ हवं होतं. या दुकानातलं मशीन इंटेलच्या आठव्या पिढीचं, म्हणजे चालण्याजोगं. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, टीपीएम, मात्र बायोसमध्ये बंद होती, ती चालू केली. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, विंडोज टाकलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डी ड्राइव्ह, सगळं कॉपी करून दिलं. जुनी डिस्क केसिंगमध्ये घातली, शेठना बाहेरची डिस्क म्हणून वापरता यावी म्हणून. आणि ती फॉर्मॅट केली.

तासाभराने दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, टॅली उघडलं, पण कंपनीच दिसत नाही."

टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्यांच्याकडे सी ड्राइव्हमध्ये होता, युजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा. मी पब्लिक उघडलंच नव्हतं. पेन ड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप मार्चचा. सहा महिन्यांची बिलं, उधारी, जीएसटी, सगळं त्या डिस्कवर, जी मी पुसली होती.

दादांना फोन केला तेव्हा आवाज फुटत नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "क्विक फॉर्मॅट केलंस की पूर्ण?" क्विक. "मग डिस्क काढ, परत त्यावर काही लिहू नको, आणि शेठना खरं काय झालं ते सांग." क्विक फॉर्मॅटमध्ये अनुक्रमणिका नवी होते, पानं जागच्या जागी राहतात. पूर्ण केलं असतं तर विंडोजने डिस्कभर शून्यं लिहिली असती. शेठना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, ते जास्त जड गेलं.

रात्री ऑफिसात डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालू केलं. सापडलेलं सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवायचं, याच डिस्कवर अजिबात नाही. टक्के मोजत बसले. मावशीने दोनदा फोन केला, दुसऱ्यांदा काकांना खिचडीचा डबा देऊन पाठवलं. पहाटे साडेतीनला यादीत पब्लिक दिसलं, त्यात डेटा, त्यात नुसत्या आकड्यांच्या नावाचा एक फोल्डर. टॅली कंपनीला असेच आकडे देतं. दोन ठिकाणी कॉपी काढली, मग कुठे पाणी प्याले.

सकाळी दुकानात टॅली उघडलं. कंपनी दिसली. शेवटचं बिल आणि बिलांच्या फाइलीतला शेवटचा कागद, नंबर आणि रक्कम जुळवून पाहिली. जुळली. उधारीची यादी मुलाने खालपर्यंत वाचली. शेठ मागे उभे होते, हात पाठीशी.

"टॅलीचं झालं ना?"

"हो शेठ."

"मग गडावरच्या देवीचा फोटो कुठाय?"

नवरात्र दोन दिवसांवर होतं. जुन्या मशीनवर सप्तशृंगीचा फोटो होता, रोज सकाळी ते त्याला हात जोडून पहिलं बिल करायचे. पिक्चर्सचा फोल्डरही मी घेतला नव्हता. रात्रीच्या कॉपीत शोधला, सापडला. वॉलपेपर लावला. शेठनी हात जोडले, खुर्ची पुढे ओढली आणि पहिलं बिल काढलं, प्रायमरचे दोन डबे.